करणारा आता नाही

"हे ज्यांनी केलं ना काका, ते आता नाहीत," गाडीवाली म्हणाली, आणि त्याच्या हातातलं कानातलं काढून घेऊन तिनं ते परत काळ्या मखमलीच्या फळीवर अडकवलं. तो तिथं लेकीसाठी क्लचर घ्यायला थांबला होता. लेक दुसऱ्या शहरात शिकायला होती, रविवारी घरी यायची होती, आणि सकाळीच तिनं फोनवर फोटो पाठवला होता: केसांना लावायचा मोठा चिमटा, कासवाच्या पाठीसारखा तपकिरी-पिवळा. सध्या सगळ्याजणी हाच लावतात बाबा, दुकानातून मात्र आणू नका, दुकानात लुबाडतात, रस्त्यावर घ्या. एरवी तो असल्या बाजारात फिरकला नसता. पण त्या मंगळवारी तो काम करत असलेल्या दातांच्या लॅबचा पोऱ्या आजारी पडला, एका डॉक्टरांना कवळी तातडीनं हवी होती, म्हणून ती पोचवायला तो स्वतःच शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आला होता आणि परतताना हा रस्ता लागला होता. दोन्ही बाजूंना गाड्या, गाड्यांवर रंगीत छत्र्या, फोमच्या फळीत रोवलेले गॉगल, पट्टे, बांगड्या, शंभराला तीन हेअरबँड, चार हातांनी एकाच वेळी ओढले जाणारे स्कार्फ. क्लचर मिळाला होता, घासाघीसही रीतसर झाली होती, आणि पाकीट काढता काढता त्याची नजर त्या फळीवर गेली होती. एका सुकलेल्या, तडकलेल्या शेंगेच्या दोन साली, एकमेकांच्या उलट दिशेला वळलेल्या. एक नव्हे, पस्तीस-चाळीस जोड्या, ओळीनं. आणि प्रत्येक जोडीतल्या डाव्या सालीच्या कडेला, वरून साधारण एक तृतीयांशावर, एक बारीक खाच. ती खाच त्याच्या सुरीची होती. बावीस वर्षांपूर्वी मेणावर निसटलेल्या.

"नाहीत म्हणजे?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज अगदी नीट होता, याचं त्याला नंतर नवल वाटलं. गाडीवालीनं सांगितलं, गेले. त्यांच्या बायकोकडून आलाय हा माल, म्हणजे मूळ जोडी तिच्याकडची, ओततो माझा भाऊ, त्याचं ओतकामाचं छोटंसं वर्कशॉप आहे. त्या ताई इथं क्लिपा घ्यायला आल्या होत्या, त्यांच्या कानांत बघितलं आणि म्हटलं हे कुठलं हो? आता सोमवार, बुधवार, शुक्रवार येऊन बसतात दुपारच्या. बोलायला फार गोड. त्या आल्यापासून गिऱ्हाईक हलत नाही. मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "बसल्या बसल्या गेले बिचारे. कामाच्या टेबलाशी. हातात मेण तसंच होतं म्हणे. ताई सांगतात ना, तेव्हा पोरींच्या डोळ्यांत पाणी येतं. मग दोन-दोन जोड्या घेतात."

त्यानं एक जोडी घेतली. कागदात गुंडाळून क्लचरबरोबर खिशात टाकली आणि चालू लागला. बस त्याच्या समोरून गेली, ती पकडायची हे सुचलं नाही. मनात पहिला विचार आला तो भलताच. मरण तरी बरं दिलं तिनं. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, अंथरुणावर कुणाकडून करून घेणं नाही. हातात मेण. स्वतःला मागायचं म्हटलं असतं तरी त्याला याहून चांगलं सुचलं नसतं. आणि मग एका बंद दुकानाच्या पायरीशी आल्यावर तो खाली बसला. बाजूला एक चांभार चप्पल शिवत होता. चांभारानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढं सरकवली. बावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या वर्षी, ती दोघं झाडांखालून चालली होती आणि तिचा पाय एका शेंगेवर पडून ती तडकली होती. तिनं वाकून उचलली. दोन साली, भांडून एकमेकांकडे पाठ करून झोपलेल्या नवराबायकोसारखी, ती म्हणाली होती, आणि त्यानं ती शेंग खिशात टाकली होती. मग तीन आठवडे, जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातानं खात दुसऱ्या हातानं त्यानं ती, पुढं धातूत ओतायची म्हणून, मेणात कोरली. ती तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मनात आलं की लॅबमध्ये फोन जोडायची आणि आधी सरकारी आवाजात सांगायची, आपल्यासाठी कॉल आहे साहेब, बोला, आणि मग हसत सुटायची. डावी साल संपत आली होती तेव्हा असाच फोन वाजला, कुणीतरी त्याला हाक मारली आणि सुरी निसटली. मेण भरून घेणं अवघड नव्हतं. दुसऱ्यांच्या तोंडातल्या याहून मोठ्या खाचा तो दिवसाला दहा बुजवत असे. पण ती त्यानं ठेवली. ही तुझ्या फोनची आहे, हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असं नव्हे. सांगितलं नव्हतं म्हणूनच ते त्याचं होतं.

त्याच्या धंद्यात काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही. पुढचा एक दात करायचा तर तो शेजारच्या दातांसारखाच जरा पिवळट, जरा वाकडा, कडेला किंचित झिजलेला करायचा, म्हणजे समोरच्याला कळतच नाही की तिथं कुणाचा हात लागला आहे. ज्या माणसांच्या तोंडात त्याचं काम होतं त्यांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. ती डॉक्टरांचे आभार मानत. याचं त्याला काही वाटत नसे. किंवा वाटत नसे असं तो धरून चालला होता, कारण घरी एका पत्र्याच्या डब्यात पाच जोड्या होत्या. शेंगा, मग माशाचे कल्ले, मग अर्धवट सोललेल्या फळाची साल, आणखी दोन. बावीस वर्षांत तेवढंच त्यानं दिसावं म्हणून केलं होतं आणि ते एका माणसाला दिसत होतं. लॅबमध्ये परतल्यावर त्यानं खिशातली जोडी काढून मापाच्या चिमट्यात धरली. शेंगेचं माप त्याच्या बोटांत अजून होतं. ही त्याहून केसभर लहान होती. धातू थंड होताना आकसतो, नकलेची नक्कल काढली की आणखी आकसतो. हे तो नवीन मुलांना शिकवत असे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, कुणासाठी हो? तो म्हणाला, लेकीसाठी. ती म्हणाली, मस्त आहेत, सध्या खूप चालतात.

संध्याकाळी बायकोनं दार उघडलं तेव्हा तो क्षणभर उंबऱ्यातच थांबला. तिनं पिशवी घेतली, पाणी आणलं, क्लचर मिळाला का विचारलं. त्यानं काढून दिला. तिनं तो उघडमीट करून पाहिला, आतल्या स्प्रिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली की चांगला आहे, स्प्रिंग पक्की आहे, हलक्या मालाची आठवड्यात सुटते. हे तिला कसं माहीत, असं एरवी त्याच्या मनातही आलं नसतं. आता त्याला सगळंच ऐकू येत होतं. गेले सात-आठ महिने तिचा घसा बसत होता. आज मंगळवार, आज आवाज मोकळा होता. उद्या बसेल. त्याला आठवलं की हिवाळाभर तो रात्रीच्या जेवणाआधी तिच्यासाठी मिठाचं पाणी गरम करत होता, बोट घालून पाहत होता, जास्त कढत झालं तर थोडं गार ओतत होता, आणि ती मोरीच्या दाराशी उभी राहून मुकाट्यानं गुळण्या करत होती. डॉक्टरला दाखवू या असं त्यानं चारदा तरी म्हटलं असेल. ती म्हणायची, कशाला, हवा बदललीय. दुपारभर त्याच्या मरणाची गोष्ट सांगून बसलेल्या घशाला तो शेक देत होता.

ती खाली भाजी आणायला गेली तेव्हा त्यानं कपाट उघडलं. चादरींच्या मागे डबा होता. पाचही जोड्या होत्या. हे त्याला सर्वांत जास्त लागलं. एखादी नाहीशी झालेली असती तर हरवली, चोरीला गेली, कुणी फसवून नेली, असं काहीतरी तिच्या बाजूनं उभं करता आलं असतं. पण शेंगा जागेवर होत्या, मऊ कापडात नीट बांधलेल्या, आणि सालीच्या आतल्या शिरांमध्ये साच्याच्या गुलाबी रबराचे कण होते. दुसऱ्या कुणाला ते दिसले नसते. त्यानं टाचणी घेतली आणि एकेक कण काढत बसला. माशाच्या कल्ल्यांतही होते. पाचही जोड्या साफ करायला त्याला वीस मिनिटं लागली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला तेव्हा त्यानं डबा जागेवर ठेवला आणि चोरी आपणच केल्यासारखा बाहेर येऊन पेपर उघडून बसला.

तो तीन दिवस बोलला नाही. बोलला, पण ते नाही. आपण गेल्यावर घर कसं चालेल हे पाहायची संधी सगळ्यांना मिळत नाही, आणि त्याला ती घरबसल्या मिळाली होती. घर चांगलं चाललं होतं. गॅसवाल्याचा, प्लंबरचा, लेकीच्या हॉस्टेलचा नंबर तिला पाठ होता. बुधवारी तिचा आवाज बसला. त्यानं पाणी गरम केलं नाही. तिनं वाट पाहिली नाही, स्वतः करून घेतलं. गुरुवारी जेवताना तिनं विचारलं, बरं नाही का वाटत? तो म्हणाला, मला काय धाड भरलीय.

शनिवारी सकाळी लेकीच्या खोलीसाठी ती दोघं धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. ती या टोकाला, तो त्या टोकाला, दोघांच्या हातांत दोन-दोन कोपरे. घडी घालायला दोघं जवळ आली, तिनं त्याच्या हातातले कोपरे घेतले आणि तेव्हा तो म्हणाला, "मी कशानं गेलो?"

तिनं न समजल्याचं सोंग केलं नाही. चादर छातीशी धरून ती उभी राहिली. मग म्हणाली, "हृदयानं. असं मी कधी म्हटलं नाही, पण त्या तसंच समजतात." कुणी सांगितलं, कधी गेला होतात, हे तिनं विचारलं नाही. पलंगावर बसून तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि ते ऐकायला जास्त जड गेलं. एक्स्चेंज बंद होऊन सहा वर्षं झाली होती. मशीन आलं आणि एकोणीस वर्षं दिवसभर बोलणारी बाई घरी आली. सुरुवातीला बरं वाटलं. मग लेक गेली. दिवसाकाठी आपल्या तोंडून किती शब्द निघतात ते तिनं एकदा मोजलं होतं, भाजीवाल्याशी बोललेले धरून. त्या रस्त्यावर ती सहज गेली होती, गाडीवालीनं कानांकडे बघून विचारलं, आणि ती बोलत राहिली, अर्धा तास, शेंगेविषयी, झाडांखालच्या त्या रस्त्याविषयी. दोन मुली थांबून ऐकायला लागल्या. "मग गाडीवाल्या बाई सारख्या म्हणायला लागल्या, करणाऱ्याला घेऊन या, भावाला भेटायचंय, नवीन डिझाइन हवीत. एक दिवस मी म्हटलं, करणारा आता नाही. मला म्हणायचं होतं की आता करत नाही. तुम्ही सहा वर्षांत काही केलंच नव्हतंत. त्यांनी हात धरला माझा. मग मी दुरुस्त केलं नाही."

"मेण कुठून आलं हातात?"

तिनं मांडीवरच्या चादरीची कड सरळ केली. मग म्हणाली, "ते नंतर आलं."

त्यानं विचारलं, मला का नाही विचारलंस? विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, ती म्हणाली. आणि हो म्हणाला असतात तर तिथं येऊन बसला असतात, साचा चुकला, धातू हलका आहे, खाच नीट उतरली नाही. ती जागा तुमची झाली असती. खाच हा शब्द तिच्या तोंडून ऐकून तो दचकला. तिला ती माहीत होती. पोरींना दाखवतही असेल, हीच ओळखायची खूण म्हणून. खाचेमागची गोष्टही तिनं आपल्या मनानं जुळवली असेल. ती सांगत होती की प्रत्येक जोडी देताना तो तिला आरशासमोर उभं करायचा आणि आरशात कानांकडे पाहायचा. हलू नकोस म्हणायचा. "मी एकदा हलले नाही, तर तुम्ही पाच मिनिटं तसेच बघत होतात. माझ्याकडे नव्हे." यावर त्याला राग आला, कारण गुन्हा तिचा होता आणि खाली मान तो घालत होता. शेवटी त्यानं एवढंच मागितलं, की मी आहे हे त्यांना सांग. बाकी काय करायचं ते कर. ती लगेच हो म्हणाली. सोमवारी सांगते. आणि मग तिनं चादर पुन्हा उलगडली, कारण घडी वाकडी पडली होती, आणि दोन कोपरे त्याच्या हातांत दिले.

लेक आली, क्लचर लावून घरभर मिरवली आणि रात्रीच्या गाडीनं परत गेली. सोमवारी संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. त्यानं न राहवून विचारलं, सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं. काय म्हणाल्या? हसल्या, ती म्हणाली, म्हणाल्या की बरं झालं बाई. त्याच्या अंगातून इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. त्या रात्री त्यानं पाणी गरम केलं. मंगळवारी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यानं मेणाची कांडी घेतली. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. बोटं नुसती दाबत होती आणि मेण ऊब धरत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच. बुधवारपर्यंत त्यातून एक आकार वर आला, टेलिफोनच्या वायरीसारखा पिळा, जाडीला एकसारखा नसलेला. गुरुवारी त्यानं तो मोडला आणि पुन्हा केला. आणि शुक्रवारी त्याला वाटलं की या वेळी आरसा नको, पूर्ण करून आणून दाखवणं नको. आधीच विचारावं, मेणात असतानाच, कमी-जास्त करता येतं तोवर. हे बरं आहे का? लहान हवं का? असं त्यानं तिला कशाच्याही बाबतीत कधी विचारलं नव्हतं. त्यानं तो पिळा कापसात ठेवून एका छोट्या डबीत घातला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस धरली.

गर्दी त्या मंगळवारच्या दुप्पट होती. ती त्याला आधी ऐकू आली, मग दिसली. छत्रीखाली स्टुलावर ती बसली होती. केस उंच बांधलेले, मानेला कुणाचा तरी निळा स्कार्फ, आणि तिचा तो आवाज, एक्स्चेंजमधला, घाई नसलेला, ज्याला ऐकून पलीकडचा माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा तो. तो आवाज त्यानं घरात कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. समोर दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. एकीच्या तळहातावर शेंगा होत्या. "दुपारची वेळ होती," ती सांगत होती. "मी फोन केला तर कुणीतरी म्हणालं थांबा, बोलावतो. मी थांबले. पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही." मुलीनं शेंगा मुठीत मिटल्या. हे नवीन होतं. फोन नव्हता त्या गोष्टीत. गेल्या आठवड्यात तो फक्त मेला होता, या आठवड्यात तो तिच्या फोनकडे येता येता मेला होता. आणि त्याला कळलं की सोमवारी कुणी हसलं नव्हतं.

गाडीवालीनं त्याला ओळखलं. "अहो काका, आलात परत? आवडला का मुलीला?" आणि मोठ्या आपुलकीनं त्याच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "याच त्या ताई. मी म्हटलं होतं ना, यांच्याच मिस्टरांनी केलेली."

बायकोनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तो त्यानं पाहिला. त्या उतरलेल्या रंगाला धरून तो उभा राहिला. एवढा वेळ पुरेसा होता. एक शब्द बोलायला, हसायला, नुसतं स्टुलावरून उठायला पुरेसा होता. मुलींनीही वळून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बायकोनं स्कार्फ नीट केला.

"बोला भाऊ," ती म्हणाली, "काय दाखवू?"

डबी खिशात होती, हात तिच्यावरच होता. घरात ती त्याला अहो म्हणत असे, बावीस वर्षांत तिनं त्याला दुसऱ्या कशानं हाक मारली नव्हती. आवाज थरथरला नव्हता. फक्त तिच्या डोळ्यांत एक विनवणी होती, आणि ती माफीची नव्हती. इथं नको, एवढंच ती म्हणत होती.

"हात चांगला होता हो तुमच्या मिस्टरांचा," तो म्हणाला. त्यानं तिला 'तुमच्या' म्हटलं, तेही पहिल्यांदाच.

"हो," ती म्हणाली. "चांगला होता."

मागून कुणीतरी म्हणालं, काका, घ्यायचं नसेल तर जरा सरका ना. तो सरकला.